मास्तरीणबाईंची चोवीस वर्षांची मुलगी

मास्तरीणबाईंनी आयुष्यात कधी कुणाला शाळेत शिकवलं नव्हतं. तयार कपड्यांच्या कारखान्यात त्या एकवीस वर्षं कापणी खात्यात होत्या. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वर कागदाचा खाका मांडायचा आणि यंत्राच्या पात्यानं एका दमात ऐंशी-ऐंशी बाह्या, पाठी, कॉलरी कापून काढायच्या, हे त्यांचं काम. कापणाऱ्याला तिथं मास्तर म्हणत. त्या खात्यातली ही पहिलीच बाई, म्हणून कुणीतरी गमतीनं मास्तरीणबाई म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते कायमचं. घराशेजारी नवं बिऱ्हाड आलं की पहिल्या आठवड्यात कुणीतरी दार वाजवायचं आणि मुलाच्या गणिताची शिकवणी घ्याल का म्हणून विचारायचं.

कारखाना बंद पडला त्याला आठ महिने झाले होते. पहिले दोन महिने बाईंनी घरातली कपाटं आवरली. तिसऱ्या महिन्यात अर्ज करायला सुरुवात केली. सहा ठिकाणी केले. दोन ठिकाणांहून ‘कळवू’ असं उत्तर आलं, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, त्यामुळे घर चालत होतं. पण सकाळी तो डबा घेऊन बाहेर पडला आणि मुलगी कॉलेजला गेली की बाई दाराची कडी लावून स्वयंपाकघरात उभ्या राहायच्या. आता काय करायचं, ते त्यांना आठवायचंच नाही.

मेळाव्याची बातमी मुलीनं आणली. ती फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिच्या कॉलेजपासून दहा मिनिटांवर प्रदर्शनाचं मोठं सभागृह होतं, तिथं एक दिवसाचा नोकरी मेळावा भरणार होता. साठ कंपन्या येणार होत्या. त्यात तयार कपड्यांची एक होती, आणि तिची ‘कापणी’ ही जागा यादीत छापलेली होती. मुलीनं त्या ओळीखाली पेनानं रेघ मारून कागद फ्रिजवर लावला.

मग तिनं आईला तयार करायला घेतलं. बायोडेटा लिहिला, त्याच्या दहा प्रती काढल्या. मेळाव्यात जाऊन नुसतं हिंडून परत यायचं नाही, असं तिनं बजावलं. लवकर जायचं. आधी एक फेरी मारून कोण कुठं बसलंय ते बघून घ्यायचं. जिथं खरोखर जायचंय तिथं पहिल्यांदा जायचं नाही. दुसऱ्या एखाद्या टेबलावर जाऊन आधी जीभ सैल करून घ्यायची. पगाराचं आपण काढायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अर्ध्या मिनिटात स्वतःबद्दल सांगता आलं पाहिजे.

त्या अर्ध्या मिनिटानं बाईंचा जीव खाल्ला. आदल्या संध्याकाळी नवरा खुर्चीवर ताठ बसून साहेब झाला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “बसा. काय करता आपण?”

“मी कापते,” बाई म्हणाल्या आणि पुढचं सगळं विसरल्या.

“काय? खिसे?”

मुलगी हसून लोळली, बाईही हसल्या, पण आतून घाबरल्या. चारदा प्रयत्न झाला. चारही वेळा गाडी दुसऱ्या वाक्याला अडली. एकवीस वर्षं काम हातानं केलं होतं. त्याबद्दल तोंडानं सांगायची वेळ कधी आली नव्हती. स्वतःच्या तोंडानं स्वतःला चांगलं म्हणायचं म्हणजे त्यांना भर रस्त्यात गाणं म्हणायला सांगितल्यासारखं वाटायचं.

मेळाव्याच्या दिवशी त्या साडेनऊलाच सभागृहापाशी पोचल्या. दार दहाला उघडणार होतं. रांग आधीच कोपऱ्यावरून वळली होती. सगळी पोरं. कुणाच्या शर्टाच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या, कुणाच्या पँटला दुकानातली चिठ्ठी तशीच लटकत होती. बाईंच्या पोटात सकाळपासून गोळा आला होता. तो विसरायला म्हणून त्या पुढच्या मुलाच्या पाठीकडे बघत राहिल्या. त्याच्या शर्टाचे चौकडे खांद्याच्या शिवणीवर जुळत नव्हते, अर्ध्या बोटाचा फरक होता. कुणीतरी खाका मांडताना घाई केली होती. हे दिसल्यावर त्यांना जरा बरं वाटलं.

नोंदणीच्या टेबलावर विशीतली एक मुलगी होती. गळ्यात अडकवायच्या पट्ट्यांचे दोन ढीग तिच्यासमोर होते, निळ्या पट्ट्या उमेदवारांसाठी आणि पिवळ्या सोबत आलेल्यांसाठी. तिनं मान वर केली, बाईंकडे बघून छान हसली आणि पिवळी पट्टी पुढे केली.

“पालकांना बसायला डाव्या हाताला खुर्च्या आहेत, काकू. पाणी पण तिथंच ठेवलंय.”

बाईंनी तोंड उघडलं. पण मागच्याचा पाय त्यांच्या टाचेवर पडला, नोंदणीवाली मुलगी त्याच्याशी बोलायला लागली आणि निळी पट्टी मागायची ती वेळ निघून गेली. परत फिरून मागावी असं त्यांना वाटलं. पण मग ती मुलगी ओशाळणार, ‘तुम्ही? तुम्ही उमेदवार?’ म्हणणार, आणि ते सगळी रांग ऐकणार. बाईंनी पट्टी गळ्यात घातली आणि डावीकडे वळल्या.

पालकांच्या खुर्च्यांमध्ये त्यांच्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. बँकेतून निवृत्त झालेले, मांडीवर मुलाच्या प्रमाणपत्रांची फाईल. मुलगा कुठल्याशा रांगेत उभा होता आणि गृहस्थ दर दोन मिनिटांनी उठून तो दिसतोय का बघायचे. तुमचं कोण आलंय, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, मुलगी, यायचीय अजून.

हे खोटं इतक्या सहज निघून गेलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. गृहस्थांनी मान डोलावली. आजकालच्या मुलांचं कसं कठीण झालंय ते सांगितलं. मग हात झटकून म्हणाले की निदान आपलं तरी सुटलं, आपल्या वयाच्या माणसाला आता कोण विचारतंय. बाईंनी त्यालाही मान डोलावली. खुर्ची मऊ होती, पंख्याचं वारं येत होतं. इथं बसलं तर कुणी काही विचारणार नाही, अर्धं मिनिट बोलायचं नाही, दुपारी घरी जाऊन ‘झालं नाही’ एवढं सांगायचं. हे सगळं फार सोपं वाटायला लागलं आणि त्या सोपेपणाचीच त्यांना भीती वाटली. त्या उठल्या.

मुलीनं सांगितल्याप्रमाणे त्यांनी आधी एक फेरी मारली. बँका, विमा, रुग्णालयं, फोनवर बोलायची कामं देणाऱ्या कंपन्या. प्रत्येक टेबलाभोवती निळ्या पट्ट्यांचा घोळका. तयार कपड्यांची कंपनी शेवटच्या ओळीत, खांबाजवळ होती. तिथं न थांबता त्या पुढे गेल्या आणि जीभ सैल करायला म्हणून पार्सल पोचवणाऱ्या कंपनीच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. तिथल्या तरुणानं त्यांच्या गळ्यातली पट्टी बघितली आणि पत्रक हातात दिलं. मुलाला पाठवा म्हणाला, वजन उचलायचं काम आहे. बाई ‘बरं’ म्हणाल्या. जीभ जिथल्या तिथंच राहिली.

अकरा वाजायला आले तेव्हा त्या खांबाजवळच्या टेबलापाशी गेल्या. टेबलामागे तिशीची एक बाई होती, बारीक कापलेले केस, घसा पूर्ण बसलेला. समोर घशाच्या गोळ्यांची अर्धी रिकामी पट्टी पडली होती. मागच्या फलकावर जागा लिहिली होती: कापणी सहायक, अनुभव असल्यास उत्तम. आणि खाली, जरा बारीक अक्षरात: वय तीसपर्यंत.

घरच्या कागदावर ती खालची ओळ छापलेली नव्हती. मास्तरीणबाई सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

“मुलीसाठी विचारताय का, काकू?” टेबलावरच्या बाईनं विचारलं.

“हो.”

मग काय झालं ते मास्तरीणबाईंना नंतरही नीट सांगता आलं नाही. टेबलावरच्या बाईनं सहज विचारलं की मुलीला कापडातलं काही कळतं का, आणि बाईंची जीभ सुटली. म्हणाल्या, तिला कापड हातात घेतलं की कळतं. लव कुठल्या बाजूला झुकलीय, रोलच्या शेवटाला रंग उतरलाय का, हे ती बोटानं आणि डोळ्यानं सांगते. थर अंथरताना नवी माणसं कापड ओढतात. ती ओढत नाही, सोडते. पात्याची धार गेली की तिला आवाजावरून समजतं. कापडाची नासाडी शंभरात चौदा व्हायची तिथं तिनं खाका फिरवून ती अकरावर आणली होती. आणि चूक झाली तर लपवत नाही. एकदा चाळीस पाठी उलट्या कापल्या गेल्या, तेव्हा कुणी बघायच्या आत स्वतः जाऊन सांगितलं.

अर्धं मिनिट कधीच उलटून गेलं होतं. टेबलावरच्या बाईनं गोळी चघळायची थांबवली होती आणि ती लिहून घेत होती. तिनं विचारलं, वय? बाई म्हणाल्या, चोवीस. तिनं विचारलं, कॉम्प्युटरवर खाका मांडता येतो? बाई म्हणाल्या, येतो. नाव विचारलं तेव्हा दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी स्वतःचंच सांगितलं. बायोडेटा मागितला तर म्हणाल्या, तिच्याकडे आहे. त्यांच्या पिशवीत त्याच्या दहाच्या दहा प्रती होत्या.

“साडेबाराला घेऊन या तिला,” टेबलावरची बाई म्हणाली. “आमच्या उत्पादन प्रमुखांना खास बोलावून घेते. मी फोन करते त्यांना. सकाळपासून अशी एकही मुलगी भेटली नाही मला.” आणि तिनं एक छोटं कार्ड भरून दिलं. त्यावर वेळ आणि सात हा मुलाखतीचा क्रमांक होता.

मास्तरीणबाई सरळ स्वच्छतागृहात गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या.  सेहेचाळीस वर्षांत त्यांनी असलं काही केलं नव्हतं. दुकानदारानं चुकून जास्त सुटे दिले तर परत नेऊन देणारी बाई, आणि आज एका जिवंत माणसासमोर अख्खी मुलगी रचून आली. कुणाला तोंड दाखवायचं? पळून जावं तर आपलं नाव त्या कागदावर. राहावं तर चोवीस वर्षांची मुलगी कुठून आणायची? शेवटी त्यांनी मुलीला फोन लावला. फोनवर नीट सांगताही आलं नाही. फक्त घोळ झालाय, ये, एवढंच म्हणाल्या.

मुलगी पंधरा मिनिटांत आली, पांढरा कोट अंगात तसाच. तिला वाटलं होतं आईला चक्कर आली. सभागृहाच्या मागच्या पायऱ्यांवर बसून बाईंनी तिला सगळं सांगितलं, खाली मान घालून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. शेवटी असंही म्हणाल्या की तू येशील का आत? नुसती बस, मी शेजारी उभी राहीन, विचारलं तर मी सांगेन.

मुलीनं कपाळाला हात लावला. 

“मी? आई, मला साधं बटण लावता येत नाही. परवा बाबांनी लावून दिलं.”

बाईंना हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. मुलीनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. मग तिनं विचारलं की तिथं नेमकं काय काय सांगितलं. बाईंनी पुन्हा सांगितलं, नासाडीचं, पात्याच्या आवाजाचं, चाळीस पाठींचं. मुलगी लक्ष देऊन ऐकत होती. त्यातलं बरंचसं तिला माहीतच नव्हतं. आई कापते, एवढंच तिला लहानपणापासून माहीत.

“माझ्याबद्दल तू कधी एवढं चांगलं बोलली नाहीस,” ती म्हणाली.

“तुझ्याबद्दल कुठं बोलले?”

“तेच म्हणतेय मी.”

 समोरच्या आवारात एक मुलगा भिंतीकडे तोंड करून स्वतःशीच काहीतरी घोकत होता, हातवारे करत. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाई म्हणाल्या, चल, मी घरी जाते. मुलीनं अडवलं नाही. तिचं दीडला प्रॅक्टिकल होतं, तिला निघायचंच होतं. ती एवढंच म्हणाली की घरी जायचं तर जा, मी काही बोलणार नाही, बाबांनाही सांगणार नाही. पण ते कार्ड परत देऊन जा. ती वेळ दुसऱ्या कुणाला तरी मिळेल, आणि त्या बाईचा साहेब उगाच वाट बघत बसणार नाही.

हे बाईंना पटलं. कार्ड परत करायला हिंमत लागते हे खरं, पण नोकरी मागण्याइतकी नाही. मुलगी फाटकाकडे गेली, दोनदा वळून बघितलं तिनं. बाईंनी तोंड धुतलं, पदर नीट केला आणि आत गेल्या.

टेबलावरची बाई उभीच होती. तिच्या शेजारी पन्नाशीचे एक जाडजूड गृहस्थ बसले होते, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बाहीला दोरा चिकटलेला. कारखान्यातून थेट आलेला माणूस, हे बाईंनी त्या दोऱ्यावरून ओळखलं. टेबलावरची बाई त्यांच्या मागे बघत होती, मुलगी कुठंय म्हणून.

मास्तरीणबाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं.

“मुलगी नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे आहे, पण ती औषधांचं शिकते. मघाशी जे सांगितलं ते सगळं माझं. माझं वय सेहेचाळीस आहे. मी खोटं बोलले. दुसऱ्या कुणाला ही वेळ द्या.”

टेबलावरच्या बाईचा चेहरा पडला आणि मग लालबुंद झाला. बसलेल्या घशानं ती म्हणाली की मी साहेबांना काम सोडून बोलावलंय, दोघांना या वेळेला नाही म्हणून सांगितलंय. बाई ऐकून घेत उभ्या राहिल्या.  त्या वळणार एवढ्यात त्या गृहस्थांनी विचारलं, खोटं का बोललात. बाईंनी गळ्यातल्या पिवळ्या पट्टीकडे आणि मागच्या फलकावरच्या बारीक ओळीकडे बोट दाखवलं. गृहस्थांनी चष्मा लावून दोन्ही बघितलं.

“मुलीला जे जे येतं म्हणालात, ते तुम्हाला येतं?”

“हो.”

“सगळं?”

 इथं ‘हो’ म्हणून मोकळं व्हायला काही लागत नव्हतं. मघाशी म्हटलंच होतं.

“एक सोडून. कॉम्प्युटरवर खाका मांडता येतो म्हणाले, ते मला येत नाही. आमच्याकडे शेवटच्या वर्षी यंत्र आलं होतं, पण ते दोन मुलं चालवायची. मी बघितलंय, केलेलं नाही.”

गृहस्थांनी समोरची खुर्ची पायानं जरा मागे सरकवली. बसा असं काही म्हणाले नाहीत, पण बाई बसल्या. मग त्यांनी मुलाखतीसारखं काही न विचारता स्वतःची अडचणच सांगायला घेतली. त्यांच्याकडे टी-शर्ट परत येत होते. एकदा धुतलं की बाजूची शिवण फिरून पोटावर यायची. शिवणाऱ्या म्हणत कापणाऱ्यांची चूक, कापणारे म्हणत कापडाची.

बाईंनी विचारलं की रोल आल्यावर किती वेळ सुटा ठेवता. ते म्हणाले, त्याच दिवशी कापतो. बाईंनी विचारलं, अंथरायला माणसं की यंत्र. ते म्हणाले, माणसं. बाई आता टेबलाच्या कडेवर हात सपाट ठेवून बोलत होत्या, जणू खाली कापड आहे. म्हणाल्या, असलं विणलेलं कापड गुंडाळलेलं असतं तेव्हा ताणलेलं असतं. एक दिवस उलगडून पडू द्यायला हवं, नाहीतर कापल्यावर ते आपल्या जागेवर यायला बघतं आणि शिवणीला ओढून नेतं. अंथरणाऱ्यानं ओढलं तर आणखी. एवढं करूनही फिरत असेल तर दोष विणकरापाशी. मग कापणाऱ्याला बोलून उपयोग नाही.

“एक दिवस थांबायचं म्हणता,” गृहस्थ म्हणाले. “माल पाठवायची तारीख कोण थांबवणार?”

“त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.”

ते हसले नाहीत, खूशही दिसले नाहीत. टेबलावर बोटं वाजवत राहिले. मग त्यांनी सांगितलं की फलकावरची जागा तीसच्या आतल्यांसाठीच आहे, ती बाईंना देता येणार नाही, ते त्यांच्या हातात नाही. पण कापणी खात्यात अनुभवी माणूस लागतो हे खरं. सोमवारपासून तीन दिवस येऊन काम करून दाखवा. तीन दिवसांचे पैसे मिळतील. ठेवूच असं नाही, आणि चुकलात तर पहिल्याच दिवशी सांगेन.

बाई ‘येते’ म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक निघाला की त्यांना परत सांगावं लागलं.

गृहस्थ उठून गेले. टेबलावरच्या बाईनं मघाचा अर्ज बाईंच्या डोळ्यांदेखत फाडला आणि कोरा पुढे केला. तिचा राग गेला नव्हता. ती म्हणाली की खोटं बोलणाऱ्याला मी एरवी दारातूनच परतवून लावते, साहेब होते म्हणून. आणि वयाच्या चौकटीवर बोट ठेवलं. बाईंनी पेन घेतलं.  चाराचा आकडा वाकडा आला, तो गिरवला. अर्जाला बायोडेटाची एक प्रत जोडली. नऊ प्रती पिशवीत उरल्या.

सोमवार ते बुधवार त्या गेल्या. पहिल्या दिवशी त्यांना पातं कुणी हातात दिलंच नाही, नुसतं अंथरायला लावलं. समोर पंचविशीची दोन मुलं होती, ती आपसात बोलायची आणि बाई आल्या की गप्प व्हायची. दुसऱ्या दिवशी बाईंनी एक रोल बाजूला काढून ठेवला, कारण त्याचा रंग एका बाजूला उतरत होता. मुलांना ते दिसेना. रोल खिडकीपाशी नेऊन उलगडल्यावर दिसलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सत्तर थर कापले आणि त्यातल्या सर्वांत खालच्या दोन थरांच्या बाह्या अर्ध्या बोटानं कमी भरल्या. आठ महिन्यांत मनगट सैल पडलं होतं. त्यांनी जाऊन सांगितलं. उत्पादन प्रमुखांनी बाह्या मोजल्या, ‘हं’ म्हणाले आणि निघून गेले. त्या ‘हं’चा अर्थ काय, यावर घरी नवरा, मुलगी आणि बाई यांच्यात दोन दिवस चर्चा झाली. नवऱ्याच्या मते ते चांगलं ‘हं’ होतं. ते चांगलं नव्हतं, हे बाईंना नक्की माहीत होतं.

गुरुवारी फोन येणार होता, आला नाही. बाईंनी फोन ओट्यावर ठेवून भांडी घासली, बाथरूममध्ये नेला, आवाज चालू आहे ना हे शेजारणीला फोन करायला लावून बघितलं. शुक्रवारी दुपारी चार वाजता वाजला. पलीकडे टेबलावरचीच ती बाई होती. घसा बरा झाल्यामुळे बाईंनी आवाज ओळखला नाही. तिनं एका दमात सांगितलं की सहा महिन्यांसाठी घेत आहोत, पूर्वीपेक्षा पगार कमी असेल, आठवड्यातून दोन दिवस कॉम्प्युटरवर बसून शिकावं लागेल, आणि सहा महिन्यांनी पुन्हा ठरवू. सोमवारी आठ वाजता. चालेल का?

चालेल, बाई म्हणाल्या. पलीकडची बाई जरा मऊ आवाजात म्हणाली की खिडकीपाशी नेलेला तो रोल आम्ही परत पाठवला, आणि फोन ठेवला.

बाई पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. पोटातला गोळा जाईल असं त्यांना वाटलं होतं. तो गेला नव्हता. नोकरी नाही म्हणून होता, तो आता नोकरी आहे म्हणून बसला होता. सहा महिने. कॉम्प्युटर. ती दोन मुलं. मनगट. त्यांनी नवऱ्याला फोन केला, तो कुठल्यातरी इमारतीच्या लिफ्टमध्ये होता आणि त्याला फक्त ‘सोमवार’ एवढंच ऐकू आलं, तरी तो म्हणाला, “म्हटलं होतं ना मी.” मुलीला त्यांनी निरोप लिहून ठेवला, तिचं कॉलेज सुटायचं होतं अजून.

मग त्यांनी कपाटाखालून कामाचे बूट ओढून काढले. आठ तास उभं राहायचं म्हणजे चपलेत चालणार नव्हतं. तीन दिवस कसेबसे निभावले होते, पण डाव्या बुटाचा तळ पुढून पूर्ण उघडला होता. कोपऱ्यावरचा चांभार साडेपाचला दुकान बंद करायचा आणि शनिवार-रविवारी उघडायचा नाही. बाईंनी बूट पिशवीत घातले, किल्ली घेतली आणि भरभर जिना उतरल्या.